जुन्या मॅकला बाहेरची स्कझी हार्ड डिस्क जोडताना: आधी काय, नंतर काय

डिस्क फिरते, पेटीवरचा दिवा लागतो, आणि मॅकच्या पडद्यावर मात्र प्रश्नचिन्ह लुकलुकत राहतं. मग माणूस डिस्क बदलतो, केबल बदलतो, पुन्हा पहिली केबल लावतो, आणि दोन तासांनी नक्की काय काय बदललं हे त्यालाच सांगता येत नाही. अशा दहातल्या आठ वेळा डिस्कही ठीक असते आणि मॅकही. बिघडलेला असतो तो मधल्या तारेचा हिशोब.

गोंधळाचं मूळ यूएसबीच्या सवयीत आहे. यूएसबीत जोडलं की काम झालं. स्कझी (SCSI) ही डिस्कसारखी उपकरणं संगणकाला जोडायची जुनी पद्धत. तिच्यात कोणत्या उपकरणाचा क्रमांक काय आणि तार कुठे सुरू होऊन कुठे संपते, हे आपणच ठरवायचं असतं, तेही सगळं बंद असताना. म्हणून डिस्ककडे सुटी वस्तू म्हणून बघू नका. मॅकच्या आतल्या डिस्कपासून बाहेरच्या शेवटच्या पेटीपर्यंत एकच लांब तार आहे, असं धरून चाला.

इथे उदाहरणाला घेतले आहेत मागे २५ पिनांचं स्कझी पोर्ट असलेले मॅक, म्हणजे १९८६ च्या मॅक प्लसपासून पुढचे. इतर यंत्रांवर पोर्ट आणि सॉफ्टवेअर वेगळं असेल. क्रमांक, टर्मिनेशन (तारेच्या टोकाला लावायचे रोध) आणि चालू करण्याचा क्रम यांचे नियम तेच.

## १. पोर्ट आणि डिस्क ओळखा

मॅकच्या मागचं २५ पिनांचं पोर्ट दिसायला पीसीच्या प्रिंटर पोर्टसारखंच असतं. आकार एक, तारा पूर्ण वेगळ्या. झिप ड्राइव्ह (काढता-घालता येणाऱ्या डिस्कचा) तर प्रिंटर पोर्टचा आणि स्कझीचा अशा दोन्ही प्रकारांत यायचा आणि दोन्हींना २५ पिनांचंच तोंड असायचं.

इशारा: खोक्यात सापडलेली कोणतीही २५ पिनांची केबल 'बसते म्हणजे चालेल' म्हणून लावू नका. मोडेमच्या २५ पिनांच्या केबलमध्ये बऱ्याचदा निम्म्या तारा नसतातच. स्कझी पोर्टला प्रिंटर जोडला तर पोर्ट जळू शकतं.

पॉवरबुकचं, म्हणजे अ‍ॅपलच्या जुन्या लॅपटॉपचं, पोर्ट चौकोनी, छोटं, ३० पिनांचं असतं. त्याच्या केबल दोन प्रकारच्या मिळतात. एकीने बाहेरची डिस्क जोडता येते. दुसरीने पॉवरबुक स्वतःच दुसऱ्या मॅकची डिस्क बनतो. दिसायला सारख्याच असतात, म्हणून घेताना विचारून घ्या.

आता डिस्क. पेटी उघडून आतल्या ड्राइव्हचं कनेक्टर बघा.

५० पिनांच्या दोन रांगा असतील तर उत्तम, काही जुळवाजुळव लागत नाही. ६८ किंवा ८० पिनांचा ड्राइव्ह अडॅप्टरने चालतो, पण अडॅप्टर वरच्या आठ बिटांचं टर्मिनेशन करणारा हवा. जुना मॅक फक्त खालची आठ बिटं वापरतो आणि वरच्या तारा लोंबकळत राहिल्या की ड्राइव्ह बिचकतो. अगदी साधा अडॅप्टर घेऊन 'डिस्क कधी दिसते, कधी नाही' अशी तक्रार करणारे याच जागी अडकलेले असतात.

इशारा: ड्राइव्हवर 'डिफरन्शियल' किंवा 'एचव्हीडी' लिहिलेलं असेल तर तो बाजूला ठेवा. त्याचं विद्युत गणित वेगळं असतं. जोडल्यावर ड्राइव्ह, मॅक किंवा दोन्ही खराब होतील. 'एलव्हीडी' लिहिलेला ड्राइव्ह साधारणपणे जुन्या पद्धतीवर उतरून काम करतो, पण त्याच्या अंगावर टर्मिनेशन नसतं. हे पाचव्या टप्प्यात लागेल.

## २. टेबलावर काय हवं

मॅकपासून पेटीपर्यंतची केबल, म्हणजे एका टोकाला २५ पिना आणि दुसऱ्या टोकाला पेटीवर असेल ते: रुंद ५० पिनांचं सेंट्रॉनिक्स किंवा अरुंद दाट ५० पिनांचं. शिवाय त्याच तोंडाचा एक बाहेरचा टर्मिनेटर, दोन-तीन जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या), चिमटा आणि मल्टिमीटर.

एक गोष्ट हमखास राहून जाते: मॅक सुरू होईल अशी फ्लॉपी, आणि डिस्क फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम असलेली दुसरी फ्लॉपी. मॅक प्लसला ८०० केबीपर्यंतचीच फ्लॉपी चालते, १.४४ एमबीची नाही. सिस्टिम ६.०.८ ची छोटी प्रत ८०० केबीत बसते. फ्लॉप्या तयार नसतील तर पुढचं काहीच सुरू करू नका, कारण डिस्क जोडूनही तुम्हाला ती बघता येणार नाही.

## ३. डिस्क आधी एकटी तपासा

अजून मॅकला काही जोडायचं नाही.

पेटीतला पॉवर सप्लाय तीस वर्षांचा असू शकतो आणि त्यातले कपॅसिटर तेवढेच म्हातारे. ड्राइव्हची चार पिनांची वीज-केबल काढून बाजूला घ्या, पेटी चालू करा आणि त्या चार छिद्रांत मोजा: लाल आणि काळ्यामध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळ्या आणि काळ्यामध्ये ११.४ ते १२.६. काही सप्लाय भाराशिवाय नीट आकडा दाखवत नाहीत. अशा वेळी मोजमापासाठी एखादा निकामी ड्राइव्ह लावा, चांगला नको.

इशारा: मोजताना फक्त बाहेर काढलेल्या कनेक्टरला हात लावा. सप्लायचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज उरते.

आकडे बरोबर आले की पेटी बंद करा, ड्राइव्ह जोडा, पुन्हा चालू करा आणि कान द्या. चांगल्या ड्राइव्हचा आवाज चढत जातो, एका सुरावर स्थिरावतो, मग तबकडीवर वाचणारं-लिहिणारं डोकं हलल्याचे दोन-चार टकटक ऐकू येतात आणि शांतता. नुसतं 'टक... टक... टक' चालू राहिलं तर डोकं जागेवर येत नाही. क्वांटमच्या जुन्या प्रोड्राइव्हमध्ये याचं एक ठरलेलं कारण आहे. डोक्याला अडवणारे रबराचे तुकडे वितळून गुळासारखे चिकट होतात आणि डोकं त्यात रुतून बसतं. काहीच फिरत नसेल तर दोन शक्यता. एक, तबकडीला डोकं चिकटलंय. दोन, ड्राइव्हवर 'हुकूम आल्यावरच फिर' असा जंपर लावलाय. दुसरी शक्यता आधी बघा, ती फुकटात सुटते.

डिस्कवर कोणाचा जुना डेटा असेल तर आठव्या टप्प्यातलं फॉरमॅटिंग करू नका. आधी त्याची नक्कल काढा.

इथे तपासा: ड्राइव्ह एका दमात फिरतो, पाच मिनिटं चालू राहतो, हाताला फार गरम लागत नाही. यातलं एक जरी नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

## ४. क्रमांक ठरवा

तारेवर ० ते ७ असे आठ क्रमांक असतात. ७ मॅकचा स्वतःचा. ० आतल्या हार्ड डिस्कचा. आत सीडी ड्राइव्ह असेल तर तो बहुधा ३ वर. उरलेल्यातला कोणताही द्या. मी बाहेरच्या डिस्कला ५ देतो, त्याचं कारण खाली येईल.

ड्राइव्हवर क्रमांकासाठी तीन जंपर-जोड्या असतात. त्यांची किंमत १, २ आणि ४. बेरीज म्हणजे क्रमांक. पाच हवा असेल तर १ आणि ४ च्या जोड्यांवर जंपर, २ ची मोकळी. पेटीच्या मागे छोटं चाक असेल, ज्याची वरची-खालची बटणं पेनाच्या टोकाने दाबली की आकडा बदलतो, तर त्याच्या बारीक तारा याच तीन जोड्यांवर येतात. मग ड्राइव्हवरचे जंपर काढून टाका. दोन्ही राहिले तर बेरीज चुकते.

या चाकाने मला दोन संध्याकाळी छळलं. आत सीडी ड्राइव्ह ३ वर होता, बाहेरच्या डिस्कचं चाक ६ वर ठेवलं, आणि मॅक सुरू होताना अर्ध्यात गोठायचा. चाक ५ वर केलं की सगळं सुरळीत. ६ वर पुन्हा गोठायचा. शेवटी पेटी उघडली तेव्हा दिसलं की चाकाच्या तीन जोड्या ड्राइव्हवर उलट क्रमाने बसवलेल्या होत्या. १ च्या जागी ४ आणि ४ च्या जागी १. त्यामुळे चाकावरचा ६ ड्राइव्हला ३ दिसत होता आणि थेट सीडी ड्राइव्हवर आदळत होता. ०, २, ५ आणि ७ उलटे केले तरी तेच राहतात, म्हणून ५ वर चालत होतं. ५ ला माझी पसंती तेव्हापासूनची. विकत घेतलेल्या पेटीत तारा सुलट आहेत की उलट याची पर्वा त्याला नसते.

इशारा: चाकाचा आकडा पेटी बंद असतानाच बदला. बहुतेक ड्राइव्ह तो सुरू होताना एकदाच वाचतात.

## ५. टर्मिनेशन

हा टप्पा घाईत उरकू नका. पुढचे बहुतेक बिघाड इथूनच निघतात.

विहिरीत ओरडलं की आवाज तळाला आपटून परत येतो. तारेच्या मोकळ्या टोकाला पोहोचलेला सिग्नलही तसाच परत फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. टोकाला ठरावीक रोध लावला की तो तिथेच विरतो. जुन्या टर्मिनेटरमध्ये प्रत्येक सिग्नलच्या तारेला एक २२० ओहमचा रोध विजेकडे आणि एक ३३० ओहमचा जमिनीकडे (ग्राउंडकडे) असतो. नियम दोन ओळींचा आहे: तारेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन, आणि मध्ये कुठेही नाही.

गफलत होते ती टोक कोणतं हे ठरवताना. मॅकच्या आत हार्ड डिस्क असेल तर एक टोक ती डिस्क आहे, आणि तिच्यावर टर्मिनेशन आधीच असतं. दुसरं टोक बाहेरची शेवटची पेटी. म्हणजे एकच बाहेरची डिस्क असेल तर तिला टर्मिनेशन हवं. दोन पेट्या असतील तर फक्त दूरच्या पेटीला, मधल्या पेटीला नाही. क्रमांकाचा याच्याशी काहीही संबंध नाही. ५ ची पेटी आधी आणि २ ची नंतर असली तरी चालतं, टोक जागेवरून ठरतं.

मॅक प्लसचं तसं नाही. त्यात आतली डिस्क नाही आणि टर्मिनेशनही नाही. तिथे तार बाहेरच सुरू होते. केबल आखूड आणि डिस्क एकच असेल तर बहुधा एका टर्मिनेटरवर भागतं. साखळी लांबली की पहिल्या केबल आणि पहिल्या पेटीच्या मध्ये आरपार जाणारा एक टर्मिनेटर आणि शेवटच्या पेटीवर दुसरा, असे दोन लावा. आत हार्ड डिस्क नसलेला, दोन फ्लॉपीवाला मॅक एसई हाही याच वर्गातला. मॅक टू एफएक्सला काळ्या रंगाचा खास टर्मिनेटर लागतो. साधा राखाडी तिथे लावू नका.

आता बाहेरच्या डिस्कवर टर्मिनेशन कुठून येतं ते शोधा. तीन जागा बघायच्या. ड्राइव्हच्या सर्किटवर, ५० पिनांच्या कनेक्टरजवळ, कंगव्यासारख्या एका ओळीत पाय असलेल्या रोधांच्या पट्ट्या, बहुतेक तीन. किंवा ड्राइव्हवरचा टर्मिनेशनचा जंपर. किंवा पेटीच्या मागचं बटण. आत एकाही जागी नको, बाहेरून टर्मिनेटर लावायचा, अशी माझी पद्धत आहे. बाहेरचा दिसतो. आतला सहा महिन्यांनी आठवत नाही. पट्ट्या काढताना एक नंबरच्या पिनेकडचा ठिपका कुठे होता त्याचा फोटो काढा आणि पट्ट्या पिशवीत घालून पेटीतच ठेवा.

एलव्हीडी ड्राइव्हवर यातलं काहीच सापडणार नाही. त्याला बाहेरचा टर्मिनेटर लागतोच.

टर्मिनेटरला स्वतःला वीज लागते. ती तारेतल्याच एका पिनेवरून येते: पेटीच्या रुंद सेंट्रॉनिक्स कनेक्टरवर ३८ नंबर, आतल्या पट्टी-केबलवर २६ नंबर. मॅक प्लस ही वीज पुरवतच नाही, त्यामुळे ती डिस्कने पुरवायला हवी. ड्राइव्हवर 'टर्मपॉवर' किंवा नुसतं 'टीपी' लिहिलेला जंपर असतो, तो लावा. दुसऱ्या मॅकवर व्यवस्थित चालणारी डिस्क प्लसवर आली की मुकी होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

इथे तपासा: मॅक न जोडता, टर्मिनेटर लावून, पेटी चालू करा आणि आतल्या पट्टी-केबलच्या रिकाम्या तोंडावर २६ नंबर आणि जमीन यांत मोजा. रिकामं तोंड नसेल तर सर्किटवर कनेक्टरच्या मागच्या डाकावर मोजा. ४.२५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. शून्य आलं तर जंपर नाही किंवा ड्राइव्हवरचा छोटा फ्यूज गेलाय.

## ६. केबल जोडा

सगळं बंद. बंद म्हणजे मॅकही बंद, पेटीही बंद. चालू असताना केबल ओढणं किंवा खुपसणं हाच त्या फ्यूजचा मुख्य मारेकरी आहे.

पेटीत आतली पट्टी-केबल लाल कडेने एक नंबरच्या पिनेकडे. खाच नसलेलं कनेक्टर उलटं बसतं, आणि उलटं बसलं की सगळे सिग्नल जमिनीला टेकतात, मॅकला डिस्क दिसत नाही. मग बाहेरची केबल, तारेच्या पकडी किंवा स्क्रू लावून. नुसती टेकवलेली केबल तिच्या वजनानेच अर्धा मिलिमीटर सरकते.

लांबीची एकूण मर्यादा ६ मीटर. यात प्रत्येक पेटीच्या आतली पट्टी-केबलही धरायची. एका डिस्कसाठी अर्धा मीटर पुरतो, तर अर्ध्या मीटरचीच घ्या.

## ७. चालू करण्याचा क्रम

आधी डिस्क. तिचा आवाज स्थिर होईपर्यंत थांबा, पंधरा-वीस सेकंद. मग मॅक.

मॅक सुरू होताना तारेवरच्या एकेका क्रमांकाला हाक मारतो आणि डिस्कवर लिहिलेला तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम) वाचून घेतो. त्या क्षणी डिस्क अजून वेग घेत असेल तर तिची हजेरी लागत नाही. बंद करताना उलट: आधी 'शट डाउन', मॅक बंद, मग डिस्क. मॅक चालू ठेवून पेटी बंद केली तर सगळी तार अडू शकते.

## ८. फॉरमॅट आणि सिस्टिम

फ्लॉपीवरून मॅक सुरू करा. आधी स्कझीप्रोब, म्हणजे तारेवर कोण कोण आहे ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम, उघडा. क्रमांकांची यादी दिसेल आणि तुमच्या ५ समोर ड्राइव्हचं नाव असायला हवं. नाव दिसलं तर तारेचं काम झालं, उरलं ते फक्त सॉफ्टवेअर.

अ‍ॅपलचा 'एचडी एससी सेटअप' फक्त अ‍ॅपलने विकलेले ड्राइव्ह ओळखतो. इतरांना तो सरळ 'ड्राइव्ह सापडत नाही' म्हणतो आणि लोक पुन्हा केबल तपासायला लागतात. स्कझीप्रोबमध्ये नाव दिसत असेल तर केबलला हात लावू नका. लिडो किंवा एफडब्ल्यूबी हार्ड डिस्क टूलकिटसारखा प्रोग्रॅम वापरा, किंवा सेटअपची ही अट काढून टाकलेली प्रत.

इंटरलीव्ह (तबकडीवर लागोपाठचे तुकडे किती अंतराने लिहायचे तो आकडा) विचारला तर: अगदी जुन्या, बफर नसलेल्या ड्राइव्हला मॅक प्लसवर ३, एसईवर २, मॅक टूवर १. नंतरच्या, स्वतःचा बफर असलेल्या ड्राइव्हला सगळीकडे १.

डिस्कचे विभाग (पार्टिशन) छोटे ठेवा. सिस्टिम ७.१ पर्यंत एका विभागाची मर्यादा २ जीबी, ७.५ ला ४ जीबी. पण मर्यादेपर्यंत जाऊच नका. जुनी फाइल-व्यवस्था एका विभागाचे जास्तीत जास्त ६५ हजारांच्या आसपास तुकडे करते. २ जीबीच्या विभागात एक तुकडा ३२ केबीचा होतो, आणि दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा ३२ केबी खाते. ५०० एमबीच्या विभागात तीच चिठ्ठी ८ केबीत बसते.

फॉरमॅट चालू असताना पडदा गोठल्यासारखा वाटतो. मोठा ड्राइव्ह तासभरही घेईल. दिवा लुकलुकतोय तोवर थांबा.

मग इन्स्टॉलरने सिस्टिम टाका. सिस्टिम ७ ला किमान २ एमबी मेमरी हवी. सिस्टिमच्या फोल्डरवर छोटं मॅकचं चित्र दिसलं म्हणजे डिस्क सुरू होण्याजोगी झाली. 'स्टार्टअप डिस्क'मध्ये ती निवडा. दर वेळी निवड विसरली जात असेल तर मॅकमधली बॅटरी संपलीय. ती गळलीय का तेही याच निमित्ताने बघून घ्या, सर्किट खाते ती.

## ९. अजूनही चालत नसेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहा.

स्कझीप्रोबमध्ये तीच डिस्क सगळ्या क्रमांकांसमोर दिसते: तिचा क्रमांक ७ झालाय, मॅकच्याच क्रमांकावर ती बसलीय. चाक किंवा जंपर बघा.

मॅक सुरू होताना गोठतो, पण बाहेरची केबल काढली की नीट सुरू होतो: क्रमांकांची टक्कर किंवा टर्मिनेशन. आधी क्रमांक ५ करून बघा, मग टर्मिनेटर.

आतल्या डिस्कवरची सिस्टिम अडवतेय असा संशय असेल तर सुरू करताना कमांड, ऑप्शन, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून धरा. मॅक आतली डिस्क सोडून देतो आणि बाहेरच्या डिस्कवरून सुरू व्हायला बघतो.

स्कझीप्रोबमध्ये नाव आहे, पण पडद्यावर चित्र नाही: डिस्क उशिरा चालू झाली किंवा तिच्यावर ड्रायव्हरच नाही. त्याच खिडकीतलं 'माउंट' बटण दाबा. त्याने चित्र आलं तर क्रम चुकला होता. नाही आलं तर आठवा टप्पा पुन्हा.

सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे छोट्या फाइली नीट उतरतात आणि मोठ्या अर्ध्यात अडतात, किंवा उतरतात पण उघडत नाहीत. यात डिस्कवर संशय घेण्याआधी वीस-तीस एमबीचा एक फोल्डर तिच्यावर दोनदा उतरवा. दोन्ही वेळा वेगवेगळ्या फाइलींवर अडला तर दोष तारेत आहे: टर्मिनेटर किंवा केबल बदला, त्यातही आधी केबल आखूड करा. दोन्ही वेळा त्याच जागी अडला तर मात्र डिस्कचा पृष्ठभाग गेलाय.

आणि डिस्क खरंच गेली असेल तर मेमरी कार्डावर चालणारं ब्लूस्कझी किंवा स्कझीटूएसडी लावता येतं. त्यात फिरणारं काही नाही, पण क्रमांक, टर्मिनेशन आणि टर्मिनेटरची वीज त्यालाही लागतेच. चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.